बोथट कोरणीची कबुली

मित्रांनो, मी एक जुनी कोरणी आहे. कान कोरायची नव्हे. जेवण झाल्यावर हॉटेलच्या दारात उभं राहून लोक तोंडात घालतात तीही नव्हे. ती लाकडाची असते आणि तिचं आयुष्य दीड मिनिटाचं असतं. मी पोलादाची आहे. हिरडीच्या आत, दाताच्या मुळावर साचलेलं किटण खरवडून काढणं हे माझं काम. डॉक्टर मला क्युरेट म्हणतात आणि दवाखान्यातल्या मावशी कोरणी म्हणतात. डॉक्टर मला दिवसातून चार वेळा हातात धरायचे, पण धुवायच्या मावशी. तेव्हा मावशींनी ठेवलेलं नाव खरं, असं मी मानते.

दिसायला मी पेन्सिलीएवढी. मधे धरायची दांडी, दोन्ही टोकांना बाक घेतलेली मान, आणि मानेच्या शेवटी तांदळाच्या कणीएवढा चमचा. दोन्ही चमचे एकमेकांची आरशातली रूपं. एक दाताच्या एका अंगाला चालतो, दुसरा दुसऱ्या. चमच्याच्या कडेला धार असते. माझी सगळी अक्कल त्या कडेत आहे. बाकीची मी नुसती मूठ.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सळईला कापलं, तापवलं, वाकवलं, घासलं, आणि शेवटी जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या एका बाईंच्या हातात दिलं. त्यांनी माझी कड दगडावर फिरवली, भिंगाखाली धरली, पुन्हा फिरवली. मग समाधान झाल्यासारखं हुंकारून मला डबीत ठेवत म्हणाल्या, "जा बाई. आता जन्मभर लोकांची तोंडं बघ."

त्यात टोमणा होता हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा तो मला आशीर्वादच वाटला. आजही वाटतो, कारण मित्रांनो, मी जे बघितलं आहे ते तुम्ही स्वतःच्या तोंडात बाळगूनही कधी बघितलेलं नाही.

तुम्ही रोज सकाळी आरशात बघता ते तोंड नव्हे, तो नुसता दरवाजा. दात दिसतो त्याहून मोठा भाग हिरडीच्या आत, अंधारात असतो. आणि तुम्हाला वाटतं तसा तो हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. तो टांगलेला असतो! मुळापासून हाडापर्यंत केसाहून बारीक हजारो धागे ताणलेले असतात आणि त्या धाग्यांच्या झोळीत दात बसलेला असतो. या झोळीच्या भरवशावर माणसं सुपारी फोडतात, बाटलीची झाकणं उघडतात आणि भांडणात दातओठ खातात. पहिल्यांदा मी हिरडीच्या आत उतरले आणि ते धागे जिथून सुरू होतात तिथवर पोचले, तेव्हा माझी बोलती बंद झाली. तशीही मला वाचा नाही, पण असती तरी बंद झाली असती.

या झोळीचा एक शत्रू आहे. तो दुखत नाही, हीच त्याची हुशारी. दाढ किडली की ती घर डोक्यावर घेते. हिरडीचा आजार मात्र आदर्श भाडेकरूसारखा आवाज न करता राहतो. आधी दाताच्या काठावर मऊ थर बसतो. तो काढला नाही की त्याचा दगड होतो, तेच किटण. किटण हळूहळू हिरडीच्या आत सरकतं, हिरडी त्याला कंटाळून दातापासून दूर होते, आणि मधे एक फट पडते. डॉक्टर त्या फटीला पॉकेट म्हणतात. जगात हा एकच खिसा असा आहे, की जो भरला की मालक भिकेला लागतो. खिसा खोल जातो, धागे तुटतात, हाड झिजतं, आणि एक दिवस सफरचंद खाताना दात हलतो. मग माणूस म्हणतो, "अचानक झालं हो!" या अचानकला पंधरा वर्षं लागलेली असतात.

माझं काम त्या खिशात उतरून दगड काढण्याचं. तिथे दिवा पोचत नाही, डोळा पोचत नाही. डॉक्टरांची बोटं मला अगदी हलकी धरतात आणि माझ्यातून ऐकतात. मुळावर दगड असला की मी खरखरते. दगड गेला की मी काचेवरून गेल्यासारखी घसरते. बोटांना एवढंच कळतं, आणि तेवढ्यावर सगळा कारभार. म्हणजे आत मी बघायचं आणि बाहेर डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवायचा.

मला हातात घेणारे पहिले गृहस्थ म्हणजे थोरले डॉक्टर. अबोल माणूस. रोग्याचं तोंड उघडलेलं असताना त्याला प्रश्न विचारायचे नाहीत, हा सभ्यपणा पाळणारा मी पाहिलेला एकमेव दंतवैद्य. त्यांचा एक नेम होता. सकाळी पहिला रोगी यायच्या आधी ते खिडकीपाशी उभे राहत, धारेच्या दगडावर तेलाचा थेंब टाकत आणि आम्हा सगळ्या कोरण्यांना एकेक करून धार लावत. मग मला उजेडात धरून कड निरखत.

इथे एक गंमत सांगते. धारदार कड उजेडात दिसतच नाही. ती इतकी बारीक असते, की प्रकाशाला तिच्यावर उभं राहायला जागा मिळत नाही. कड बोथट झाली, की मात्र तिच्यावर पांढरी रेघ चमकते. थोरले डॉक्टर ती रेघ दिसली की म्हणत, "चमकायला लागली. म्हणजे कामातून गेली." हे ते माझ्याबद्दलच म्हणत असावेत, पण एकदा वर्तमानपत्र वाचतानाही म्हणाले होते.

शेवटची परीक्षा प्लॅस्टिकच्या कांडीवर. मला कांडीवर टेकवायचं. धार असेल तर मी रुतते, आणि सुटताना 'टिक्' असा बारीक आवाज येतो. नसेल तर घसरते. तो टिक् ऐकू आला, की दवाखाना उघडला असं समजायचं.

त्या वर्षांत मी किती मुळं साफ केली त्याची गणती नाही. त्याहून थक्क करणारं पुढे होतं. आम्ही फक्त दगड काढायचो. शिवण नाही, डिंक नाही, खिळा नाही. रोगी घरी जाऊन नीट दात घासायचा, आणि दोन महिन्यांनी परत आला की खिसा उथळ झालेला असायचा. हिरडी आपणहून दाताला बिलगलेली! इतकी वर्षं जिला दूर लोटलं ती, जागा स्वच्छ झाल्याबरोबर, निमूट परत आली. माणसांमध्ये एवढ्या तेवढ्यावरून बोलणं बंद झालं, तर मधला दगड काढूनही कोणी परत येत नाही. हिरडी येते. मला तिच्यापुढे नेहमी हात जोडावेसे वाटले आहेत. हात नाहीत हा भाग वेगळा.

मग थोरले डॉक्टर थकले आणि दवाखाना त्यांच्या भाचीने हाती घेतला. या धाकट्या डॉक्टर हुशार, हाताने हलक्या, स्वभावाने प्रेमळ. त्यांनी एक यंत्र आणलं. पाण्याचे तुषार उडवत थरथरणारं आणि किणकिणणारं. मी तासभरात जेवढं काढायचे, तेवढं ते पंधरा मिनिटांत काढायचं. खोटं कशाला बोलू, यंत्र चांगलं होतं. मी शेवटच्या दोन हातांपुरती उरले. लग्नातल्या लांबच्या आत्याबाईंसारखी, मान होता पण काम नव्हतं.

आणि सकाळचं धार लावणं बंद झालं. कोणी ठरवून बंद केलं नाही. रोगी वाढले, सकाळ लहान झाली. आम्हाला रोज घासून, वाफेच्या पेटीत तापवून, पाकिटात घालून ठेवलं जाई. स्वच्छतेत तसूभर कसूर नव्हती. पण स्वच्छ असणं वेगळं आणि धारदार असणं वेगळं. हा फरक ज्याला कळत नाही तो फार मोठ्या पदावर जातो, असं थोरले डॉक्टर म्हणत. मी कुठेही गेले नाही, ट्रेमध्येच राहिले. धारेचा दगड मावशींनी टेबलावरच्या कागदांवर ठेवला, पंख्याने उडू नयेत म्हणून.

अशात एक दिवस मास्तर आले.

मास्तर म्हणजे बागेतल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे. पन्नाशीचे, बारीक मिशीचे, बोलण्यात हळू. बरोबर त्यांच्या बायको. त्या बोलण्यात हळू नव्हत्या.

"काय त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्रास असा नाही," मास्तर म्हणाले. "दुखत नाही, खुपत नाही. फक्त वरचा सूर टिकत नाही."

"पुढचा दात हलतोय, डॉक्टर," बायको म्हणाल्या. "हे त्याला सूर म्हणतात."

मग मास्तरांनी समजावून सांगितलं. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या पुढच्या दातांना टेकवावं लागतं. उंच सूर लावताना दाब वाढतो, डावीकडचा पुढचा दात मागे सरकतो, आणि सूर फाटतो. बँडप्रमुखांनी दोन रविवार ऐकून घेतलं. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "मास्तर, दात गेला तर तुम्ही झांजा घ्या."

"सव्वीस वर्षं वाजवतोय," मास्तर म्हणाले. "झांजा म्हणजे... वाजल्या तर वाजल्या. मधे स्वरलिपीची तीन पानं नुसतं उभं राहायचं."

"सरावाची काळजी नको," बायको म्हणाल्या. "घरी भांडी आहेत."

पण हे बोलताना त्यांनी मास्तरांच्या खांद्यावरचा नसलेला धागा झटकला. मावशींनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

"हिरडीतून रक्त येतं का?" डॉक्टर.

"येतं ना. चार-पाच वर्षं झाली. म्हणून तिथे मी ब्रश लावतच नाही. जखमेवर कोण घासतं?"

या एका वाक्यावर कितीतरी दवाखाने चालतात, मित्रांनो. हिरडी घाणीमुळे रडते, आणि माणूस दयाळूपणे घाण तशीच राहू देतो.

मग मोजणी झाली. माझी एक चुलत बहीण आहे, मोजकाठी. बारीक, सरळ, अंगावर मिलिमीटरच्या काळ्या खुणा. ती हिरडी आणि दात यांच्यामधे अलगद उतरते आणि खिसा किती खोल ते सांगते. डॉक्टर आकडे म्हणत गेल्या, मावशी लिहीत गेल्या. "चार, पाच, चार. पाच, पाच, सहा." आणि त्या पुढच्या दातापाशी, टाळूच्या बाजूला, "सात."

"सात म्हणजे दहापैकी का?" मास्तरांनी आशेने विचारलं.

"सात मिलिमीटर. तीनपर्यंत चांगलं."

"म्हणजे जास्त मार्क वाईट," बायको म्हणाल्या. "तरीच म्हटलं, ह्यांना एवढे कसे पडले."

डॉक्टरांनी साफ सांगितलं. सगळ्या तोंडाची खोल सफाई करायची, दोन बैठकांत. मग दोन महिने वाट बघायची. खिसा भरून आला तर दात घट्ट होईल. नाही आला तर तो काढावा लागेल, कारण तो शेजारच्या दातांचंही हाड खाईल. मास्तरांनी मान हलवली. फाशीची तारीख ऐकतानाही हा माणूस अशीच मान हलवेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या बैठकीत तो दात आला. भूल दिली, यंत्र फिरलं, तुषार उडाले. मग डॉक्टरांनी मला उचललं आणि टाळूच्या बाजूने आत सोडलं.

मित्रांनो, इथून पुढचं मला सांगायला जड जातं, पण आत्मवृत्तात स्वतःचं कौतुकच करायचं असेल तर ते निवडणुकीचं पत्रक होतं.

खाली तळाशी, मुळावरच्या एका बारीक खाचेत, एक खडा बसला होता. यंत्राचं टोक त्या खाचेत नीट बसलं नव्हतं. तो खडा माझा होता, माझ्यासाठीच राहिला होता. डॉक्टरांनी मला ओढलं. मला धार असती तर मी त्याच्या बुडाशी रुतले असते आणि तो अख्खा उचकटला असता. मला धार नव्हती. मी त्याच्यावरून घसरले. पुन्हा ओढलं, पुन्हा घसरले. दहा-बारा वेळा मी त्याला नुसती घासत राहिले. खडा निघाला नाही; गुळगुळीत झाला. बोथट कोरणी दगड काढत नाही, त्याला पॉलिश करते.

आणि बाहेर डॉक्टरांच्या बोटांना काय कळलं? काचेसारखं. जसं स्वच्छ मुळावर कळतं तसंच.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "एकदम गुळगुळीत."

ज्या बोटांनी माझ्यावर विश्वास ठेवला, त्यांना मी खोटं सांगितलं होतं.

दोन महिन्यांनी मास्तर आले. या दोन महिन्यांत त्यांनी डॉक्टरांनी शिकवलं तसं, हिरडीच्या काठाला ब्रश तिरपा धरून, सकाळ-संध्याकाळ दात घासले होते. क्लॅरिनेट पेटीत ठेवलं होतं. मोजकाठी फिरू लागली. "तीन, दोन, तीन. तीन, तीन, दोन." मावशींची लिहिण्याची गती कमी झाली. जिथे सहा होतं तिथे तीन! पाच होतं तिथे दोन! रक्ताचा थेंब नाही. लालभडक सुजलेल्या हिरड्या फिकट गुलाबी होऊन दातांना अशा बिलगल्या होत्या, की मधे काही वितुष्ट होतं हे कोणाला सांगूनही पटलं नसतं. इतकी वर्षं हे बघूनही मला नवल वाटायचं राहत नाही.

मग पुढचा दात आला.

"सात," डॉक्टर म्हणाल्या. काठीच्या कडेने रक्त वर आलं.

त्यांनी पुन्हा मोजलं. सात.

"मास्तर," डॉक्टर म्हणाल्या, आवाज मऊच होता, "इथे जरा हयगय झाली का? या दाताच्या मागे ब्रश पोचत नव्हता का?"

"झाली असेल," मास्तर म्हणाले.

"मी सांगितलं होतं ना, रक्त आलं तरी सोडायचं नाही?"

"झाली असेल, डॉक्टर. चूक माझीच."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: रुग्णाची हयगय. आणि मावशींना दात काढायची तारीख बघायला सांगितलं. येणारा गुरुवार. मास्तर खुर्चीतून उठू लागले. त्यांची जीभ आतून त्या दाताला लागत होती, गावाला निघालेल्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवावा तशी.

"थांबा हो," बायको म्हणाल्या. "बसा खाली."

मास्तर बसले.

"झाली असेल म्हणजे काय? दोन महिने बाथरूमच्या दारात मी उभी असते. दूध उतू गेलं दोनदा. हा माणूस त्या दातामागे आरसा धरून घासतो, डॉक्टर. मी लग्नात आणलेला हातातला आरसा. तो मला आता वापरायला मिळत नाही."

"ताई, मी दोष देत नाहीये, पण—"

"दोष द्या, माझी हरकत नाही, मी रोजच देते. पण हिशोबाने द्या. बाकीचे सगळे दात बरे झाले म्हणता. मग ह्यांनी एकाच दातावर आळस केला? आळशी माणूस सगळीकडे सारखा आळशी असतो. मी संसार केलाय, मला माहीत आहे. एकाच जागी बिघडलं असेल, तर त्या जागी काहीतरी दुसरं आहे."

मावशींनी तारखांची वही मिटली. डॉक्टर मास्तरांच्या कागदाकडे बघत होत्या: सगळीकडे दोन आणि तीन, मधे एकच सात. मग त्यांनी ट्रेकडे पाहिलं, मला उचललं आणि दिव्याखाली धरलं.

माझ्या कडेवर पांढरीशुभ्र रेघ चमकत होती.

त्यांनी खण उघडला, मागे हात घालून प्लॅस्टिकची कांडी काढली आणि मला टेकवलं. मी घसरले. दुसरं टोक टेकवलं. तेही घसरलं. टिक् नाही, काही नाही.

तेव्हा मला वाटलं, आता मला केराच्या डब्यात टाकतील आणि कोणाला काही कळणार नाही. सोपं होतं. मास्तरांनी तर गुन्हा कबूलही केला होता. असा सोयीचा रोगी पुन्हा मिळत नाही.

डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क खाली केला.

"मास्तर, हयगय झाली आहे. पण तुमची नाही. माझी. या कोरणीला धार नव्हती आणि मी बघितलं नाही. आत खडा राहिला असणार. मी त्यालाच घासून गुळगुळीत केलं आणि छान म्हटलं."

मित्रांनो, मी दातांच्या मुळांशी गेले आहे, हाड बघितलं आहे, तुटलेलं नातं जुळताना बघितलं आहे. पण खुर्चीतल्या माणसापुढे उभं राहून, त्याची बायको ऐकत असताना, हे वाक्य म्हणणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता. मास्तरांच्या बायकोनेही नसावा, कारण त्यांनी चष्मा सारखा करून डॉक्टरांकडे नव्याने पाहिलं.

मास्तरच बोलले. "असू दे, डॉक्टर. आमच्याकडे वाद्य बेसूर वाजलं की आधी त्यातली फुंकरीने थरथरणारी बोरूची पट्टी बघतात. झिजलेली असते बहुतेक वेळा. माणसाला शिव्या त्यानंतर."

डॉक्टरांनी कागदावरची 'रुग्णाची हयगय' खोडली आणि वर लिहिलं: खडा राहिला, चूक दवाखान्याची. खाली सही केली. बायकोने वाकून सही वाचली.

गुरुवारची तारीख तशीच ठेवली, फक्त काम बदललं. त्या संध्याकाळी मावशींनी कागदांवरचा दगड उचलला, धुतला, तेलाचा थेंब टाकला. डॉक्टरांना सुरुवातीला कोन सापडेना. तीनदा कांडीवर टेकवलं, तीनदा मी घसरले. दगडावर माझ्या अंगाचा काळा लगदा जमत होता. धार येते ती अंगातूनच येते, दुसरीकडून आणून चिकटवता येत नाही; प्रत्येक वेळी मी थोडी कमी होते. चौथ्यांदा टेकवलं.

टिक्.

मावशी म्हणाल्या, "उघडला दवाखाना."

गुरुवारी मी पुन्हा त्या अंधारात उतरले. यंत्राने आधी पाणी मारून वाट मोकळी केली होती. मी तळाशी गेले, खाचेत शिरले आणि तो खडा मला लागला, मीच चकचकीत केलेला. डॉक्टरांनी मला ओढलं. मी रुतले. एक क्षण असा आला की कोण निघणार, तो की माझं टोक, ते कळेना. मग 'किर्र' झालं आणि तो बुडापासून सुटला. डॉक्टरांनी मला बाहेर काढलं तेव्हा माझ्या चमच्यात एक काळी कणी होती, खसखशीच्या चार दाण्यांएवढी. त्यांनी ती कापसावर ठेवून मास्तरांना दाखवली.

भुलीने बधिर ओठांनी मास्तर म्हणाले, "एभ्ढ्याशा खड्यासाठी?"

"एवढ्याशानेच," डॉक्टर म्हणाल्या. त्या पुन्हा आत गेल्या आणि या वेळी बोटांना काच लागली तरी थांबल्या नाहीत. मला बाहेर काढून धार तपासली, पुन्हा आत सोडलं आणि मगच मान्य केलं.

त्यानंतरचे दोन महिने माझ्या हातात काही नव्हतं. डॉक्टरांच्याही नव्हतं. काम आता हिरडीचं होतं, आणि हिरडी कोणाची विनवणी ऐकत नाही. तिला फक्त स्वच्छ जागा लागते. वाटलं तर ती येते. पाच वर्षं मागे हटलेली ती येईल का, हे ना डॉक्टर छातीठोक सांगू शकत होत्या, ना मी.

मास्तर आले ते वेळेच्या पाच मिनिटं आधी. बायको शेजारी उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. मोजकाठी त्या दातामागे उतरली. डॉक्टर खुणा बघत राहिल्या. आकडा म्हणेनात. काठी काढली, पुसली, पुन्हा उतरवली. मग जरा बाजूला सरकवून तिसऱ्यांदा.

"डोक्टर," मास्तर उघड्या तोंडाने म्हणाले, "खिती?"

"तीन," डॉक्टर म्हणाल्या. "मावशी, तीन लिहा." आणि बोटाने दात हलवायला गेल्या. तो हलला नाही. केसभर सरकला असेल, तेवढा तर सगळ्यांचाच सरकतो. सांगितलं ना, टांगलेला असतो.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायकोने फक्त "बरं" म्हटलं आणि पदराने डोळे नव्हे, चष्मा पुसला. असं त्यांनी स्वतःच मावशींना सांगितलं. मास्तर खुर्चीतून उठले, आरशापाशी गेले आणि वरचा ओठ उचलून कितीतरी वेळ त्या हिरडीकडे बघत उभे राहिले. हिरडी काहीच विशेष केल्यासारखी दिसत नव्हती. मग त्यांनी विचारलं, "आज वाजवलं तर चालेल?"

"हळू सुरात," डॉक्टर म्हणाल्या.

"हळूच वाजवतात हो," बायको म्हणाल्या. "शेजाऱ्यांना विचारा, कोणाला ऐकू येत नाही. चला."

त्या दिवसापासून आमच्या दवाखान्यात रोज सकाळी धारेचा दगड बाहेर निघतो. मी मात्र आता ट्रेमध्ये नसते, खणात पडून असते. धार लावून लावून माझा चमचा सुईसारखा झाला आहे. आता तुम्हाला वाटेल, ही म्हातारी रडणार, मला विसरू नका, मला पुन्हा हातात घ्या म्हणणार. तसं मुळीच नाही. मित्रांनो, तुमच्या हिरडीतून रक्त आलं तर त्या जागेला वाळीत टाकू नका. तिथेच हळू हाताने घासा आणि कोणाला तरी दाखवून मोजून घ्या. आणि कोणा डॉक्टरला माझी दया येऊन मला पुन्हा कामाला लावावंसं वाटलं, तर त्याला थांबवा. मी आता तोंडात मोडेन, आणि ज्या हिरडीपुढे मी जन्मभर थक्क होऊन उभी राहिले, तिच्यातच माझा तुकडा राहील. मला जपू नका. मला टाकून द्या, आणि माझ्या जागी जी नवी आली आहे, तिला उद्या सकाळी उजेडात धरा.